मांजर व्याली की लगेच परत गाभण राहतेय? आईचं नसबंदीचं ऑपरेशन नेमकं कधी करायचं

पिल्लं अजून अंगावर पितायत आणि आईचं पोट परत मोठं दिसायला लागलंय, असं ज्यांच्या घरी झालंय किंवा होईल अशी भीती आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. आमच्याकडं एकदा झालं, मागच्या गल्लीतल्या आक्कांकडं तर लागोपाठ तीन वेळा झालं, आणि प्रत्येक वेळी घरातली मोठी माणसं एकच सांगतात, अगं दूध पाजतेय तोवर ती कशाला गाभण राहील. राहते. मांजरीच्या बाबतीत हे साफ चूक आहे आणि सगळा घोळ ह्या एका समजातून सुरू होतो.

आमचा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला टॉवेलचा छोटा कारखाना आहे, खाली माग आणि वरच्या मजल्यावर आम्ही. आमच्या मांजरीला, कांडीला, आम्ही आणलेलं नाही, तीच आली. सूत गुंडाळायच्या कांडी मशीनच्या मागं खराब सुताचं पोतं ठेवलेलं असतं, त्यात येऊन झोपायची म्हणून कामगारांनीच तिचं नाव कांडी ठेवलं. अंगानं बारकी, पांढऱ्यावर काळे आणि भगवे डाग. 8 फेब्रुवारीला ती त्याच पोत्यात व्याली, चार पिल्लं. मी डॉक्टरांना विचारलं ऑपरेशन कधी करायचं, ते म्हणाले पिल्लांचं पिणं सुटू दे, दूध आटलं की घेऊन या. त्यांनी सांगितलं ते बरोबरच होतं. पण पिणं सुटणार कधी, दूध आटवायचं कसं आणि तोवर हिला ठेवायची कुठं हे मी विचारलं नाही आणि त्यांच्याकडूनही आलं नाही. आम्ही नुसती वाट बघितली. पिल्लं दोन महिन्यांची झाली, अडीच महिन्यांची झाली, आईएवढी लांब दिसायला लागली तरी तिला आडवी पाडून प्यायचीच, आणि ती पिऊ द्यायची. मला वाटायचं दूध आहे की अजून, थांबू अजून थोडं. 20 मेला तिनं परत पाच पिल्लं घातली.

त्या रात्री मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. मांजरीचे दिवस भरायला साधारण 63 ते 65 दिवस लागतात. 20 मेपासून 64 दिवस मागं गेलं की 17 मार्च येतो. म्हणजे ती गाभण राहिली तेव्हा पहिली पिल्लं 37 दिवसांची होती, नुकती कुठं ताटलीत तोंड घालायला लागली होती. आणि 16 मार्चच्या चौकोनात माझ्याच हातची पेनानं केलेली खूण होती, ‘पाणी’. सोलापूरकरांना सांगायला नको, आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, मधले काही दिवस सोडून येतं आणि आलं की मध्यरात्र का असेना सगळं घर उठून ड्रम, बॅरल, घागरी भरत बसतं. दार सताड उघडं, दारातून पाईप गेलेला. त्या रात्री कांडी पाईपावरून उडी मारून गेली होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली होती, हे मला ती खूण बघितल्यावर लख्ख आठवलं. आली तेव्हा मी तिला दूध दिलं होतं आणि म्हटलं होतं, कुठं होतीस गं, पिल्लं ओरडायलीत.

मे महिन्यातलं सांगत नाही जास्त. पारा 43 च्या वर, वर पत्रा, आणि ती आधीच्या चार पिल्लांनी ओढून घेतलेली. पाठीवरून हात फिरवला की मणका न मणका लागायचा. पाचातली दोन पिल्लं पहिल्या आठवड्यातच गेली. ती दोन वाचली असती का नसती माहीत नाही, पण तिला मधी तीन महिने तरी अंग धरायला मिळायला पाहिजे होते, ते मी तिला देऊ शकले असते.

असं का होतं

मांजरीचं शरीर गाई-म्हशीसारखं किंवा माणसासारखं चालत नाही. तिचं बीज ठरलेल्या दिवशी सुटत नाही, बोक्याशी संग झाला की मगच, पुढच्या एक-दोन दिवसांत सुटतं. त्यामुळं ‘चुकीचा दिवस होता, राहिली नसेल’ असं तिच्यात जवळपास नसतंच. आणि बोका मिळाला नाही तर माज आठवडाभर राहून ओसरतो नि दोन-तीन आठवड्यांनी परत येतो, परत ओसरतो, परत येतो. आणि एकाच माजात ती वेगवेगळ्या बोक्यांशी संग करू शकते, म्हणून एका वेताची पिल्लं दोन-तीन बोक्यांची असू शकतात.

दूध पाजताना माज यायचं बऱ्याच मांजरींचं लांबतं हे खरं, पण सगळ्यांचं नाही, आणि कुठल्या मांजरीचं लांबेल ते आधी कळत नाही. काहींना तर व्याल्यावर थोड्याच दिवसांत येतो. अजून एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहितीय: पिल्लं मेली किंवा कुणी उचलून नेऊन सोडली तर आईला माज आणखी लवकर येतो, कधी कधी आठवडा-दोन आठवड्यांतच. मागच्या गल्लीतल्या आक्कांचं नेमकं हेच होत होतं. त्यांचे मालक डोळे न उघडलेली पिल्लं पिशवीत घालून लांब बाजाराकडं सोडून यायचे आणि अडीच महिन्यांनी परत घरात पिल्लं. त्यांना वाटायचं मांजर लई खट्याळ आहे. मी जाऊन सांगितलं की काका, तुम्ही पिल्लं सोडताय म्हणून ती लवकर परत राहतेय. (आणि जनावर असं उपाशी मरायला सोडून देणं 1960 च्या प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या कायद्यात गुन्हा आहे, तेही सांगितलं, पण त्यांना पटलं ते पहिलं कारण.)

थंडीत तरी थांबेल असं मला वाटायचं. थंड देशांत थांबतं, कारण मांजरीचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो आणि तिकडं हिवाळ्यात दिवस अगदी लहान होतो. सोलापुरात डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा 11 तासांचा असतो, वर कारखान्यात रात्रपाळीला ट्यूबलाईट चालू. म्हणजे जानेवारीतली गड्ड्याची जत्रा असो का मे महिना, आपल्याकडं मांजर वर्षात कधीही राहू शकते हे धरूनच चालायचं.

मग तारीख कोणती

आता मुद्द्याचं. ‘दूध आटल्यावर’ ही तारीख नाही. तारीख व्याल्याच्या दिवसापासून मोजून कॅलेंडरवर लिहायची, त्याच दिवशी.

तुमची मांजर घरात कोंडून ठेवता येत असेल तर पिल्लं 8 आठवड्यांची झाली की पिणं पूर्ण तोडायचं आणि तिथून साधारण दोन आठवड्यांत ऑपरेशन. डॉक्टर थांबायला सांगतात त्याला कारण आहे, उगीच नाही. दुधानं भरलेल्या गाठी पोटावर दोन्ही बाजूला फुगलेल्या असतात आणि नेहमीची चीर त्यांच्या बरोबर मधून जाते, दूध जखमेत उतरलं की जखम भरायला त्रास होतो, शिवाय पिल्लं पंजे मारत टाक्यांशीच प्यायला जातात. व्याल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भपिशवीला रक्तपुरवठाही जास्त असतो. आटल्यावर हे सगळं सोपं होतं.

पण मांजर कोंडता येत नसेल, म्हणजे गल्लीतली असेल, गच्चीवरून येणारी-जाणारी असेल, हात लावू देत नसेल, तर आटायची वाट बघायची नाही. पिल्लं 5-6 आठवड्यांची झाली, ताटलीतलं नीट खायला लागली, की आईला न्यायचं. दूध असताना ऑपरेशन होतं. काही डॉक्टर अशा वेळी पोटाच्या मधून न करता कुशीतून, बाजूनं चीर देऊन करतात म्हणजे दुधाच्या गाठी टळतात. डॉक्टरांना फोनवरच विचारायचं की दुभत्या मांजरीचं करता का, कुशीतून करता का. नाही म्हणाले तर दुसऱ्यांना विचारायचं, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, सवय असलेल्या हातानं झालेलं बरं.

इथं सगळे घाबरून विचारतात की ऑपरेशन केल्यावर दूध जाईल का, पिल्लं उपाशी मरतील का. माझ्या सासूबाईंनी तर दोन दिवस माझ्याशी ह्याच्यावरून धड बोलणं टाकलं होतं. दूध जात नाही. दूध तयार करायचा हुकूम मेंदूच्या खालच्या ग्रंथीतून येतो आणि पिल्लं पितात तोवर येत राहतो. ऑपरेशनमध्ये अंडाशय आणि पिशवी काढतात, त्याचा दुधाशी थेट संबंध नाही. आई शुद्धीवर आली, चालायला लागली, की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पिल्लांकडं जाऊ शकते.

तर मधल्या काळाचं काय, हाच सगळ्यात मोठा खड्डा आहे आणि मी त्यातच पडले होते. दुसऱ्या वेळी मी काय केलं ते सांगते. पिल्लं तीन आठवड्यांची झाली त्या दिवसापासून, म्हणजे 10 जूनपासून, कांडी आणि पिल्लं वरच्या मागच्या खोलीत, खिडकीला जाळी, दाराला आतून आणि बाहेरून कडी. पाणी यायच्या दिवशी नळ सोडायच्या आधी एकजण वर जाऊन कडी हातानं ओढून बघणार, मगच खालचं दार उघडायचं. हा नियम घरात सगळ्यांना पाठ करून घेतला, माझ्या सहा वर्षांच्या मुलीनं सगळ्यात कडक पाळला.

24 जूनला कांडीला माज आला. पिल्लं 35 दिवसांची. हे मी मुद्दाम लिहून ठेवलं होतं, कारण मागच्या वेळेसारखंच झालं, फक्त ह्या वेळी मधी दार होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, माजावर आलेली मांजर आजारी असल्यासारखी वाटते: जमिनीवर लोळते, पुढचं अंग खाली टेकवून मागचं वर करते, शेपटी बाजूला घेते, मागच्या पायांनी जागच्या जागी पाय मारते, आणि रात्रभर असं ओरडते की काळजात चर्र होतं. सासूबाई खालून म्हणाल्या, “अगं सोड की तिला, काय हाल करायलीस मुक्या जिवाचे.” मी म्हटलं, आत्या, मे महिन्यात तिच्या पाठीवरून हात फिरवला होतात की तुम्ही पण. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री त्याच वर येऊन तिच्याजवळ बसल्या. सहा दिवसांत ओसरला. 12 जुलैला परत आला, परत सहा दिवस. त्या काळात बाहेर जिन्यात दोन बोके मुक्कामाला होते, एक तर जाळीवर पंजे मारायचा.

पिणं तोडायचं कसं

आपोआप सुटेल म्हणून थांबलात तर काही पिल्लं तीन-चार महिने पितात. चार आठवड्यांपासून ताटली सुरू करा: उकडलेलं चिकन बारीक कुस्करून त्याच्याच पाण्यात, किंवा पिल्लांचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून. आपण भाकरी दुधात कुस्करून देतो, कांडीही त्याच्यावर वाढली असेल, पण वाढत्या पिल्लाला आणि दूध पाजणाऱ्या आईला त्यानं भागत नाही, मांजराला मांसच लागतं, आणि गाईच्या दुधानं बऱ्याच जणांना जुलाब होतात. आईला ह्या दिवसांत नेहमीच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त खाणं लागतं, ते हात आखडता न घेता द्यायचं.

सहाव्या आठवड्यापासून आईला दिवसातून दोन-तीन तास वेगळं ठेवायचं, मग हळूहळू अर्धा दिवस, आठवा आठवडा भरला की रात्रीपण. एकदम एका दिवसात तोडू नका, दूध साठून गाठी दगडासारख्या होतात. तोडताना आईचं वाढवलेलं खाणं थोडं थोडं करून परत नेहमीवर आणा. आणि पिळून काढू नका, पिळलं की अजून येतं. रोज एकदा तिच्या पोटावर हलक्या हातानं बोटं फिरवायची, सगळ्या गाठी हळूहळू मऊ नि सपाट व्हायला पाहिजेत. एखादीच गाठ गरम, लाल किंवा निळसर, हात लावल्यावर ती ओरडतेय, खात नाहीये, तर ते आटणं नव्हे, त्यात पू होतोय, त्याच दिवशी डॉक्टर.

आमचं 15 जुलैला 8 आठवडे झाले, 22 ला डॉक्टरांनी बघून हो म्हटलं, माजही ओसरलेला होता, 25 जुलैला ऑपरेशन. माजावर असताना पण करतात, पण रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात म्हणून आमच्या डॉक्टरांना थोडं थांबलेलं बरं वाटलं. कोंडून ठेवलेली होती म्हणून ते थांबणं परवडलं. बाहेर फिरणारी असती तर मी माजातसुद्धा करा म्हटलं असतं.

आधीच परत गाभण असेल तर

ह्यावर लोक बोलत नाहीत, पण हाच प्रश्न बहुतेकांपुढं येतो. पहिलटकर मांजरीचे सड तीन आठवड्यांच्या आसपास गुलाबी होतात त्यावरून अंदाज येतो, दूध पाजणारीचे सड आधीच ओढलेले असतात, तिच्यात ही खूण चालत नाही. दार उघडं राहिलेलं असेल, ती रात्रभर बाहेर राहिलेली असेल, तर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी करून घ्या म्हणजे अंदाजावर राहायला नको.

सुरुवातीच्या दिवसांत असेल तर ऑपरेशन होतं, पिशवीबरोबर गर्भ जातो. शेवटच्या दिवसांत रक्तस्रावाचा धोका वाढतो, बरेच डॉक्टर मग व्यायला देऊन नंतर करायचं म्हणतात. पहिल्या वेताची चिमी आम्ही ठेवून घेतली होती, तिला आम्ही अजून पिल्लूच समजत होतो, खेळायची, सुताच्या गुंड्यांमागं धावायची. 8 जुलैला ती पाच महिन्यांची झाली त्याच दिवशी नेली ऑपरेशनला, आणि दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की पिशवीत अगदी सुरुवातीचा गर्भ होता. पाच महिन्यांच्या पिल्लाला. मला रिक्षात रडू आलं हे खरं. पण दोन किलोच्या आतलं ते पोर, तिच्या पोटात पिल्लं वाढली असती तर तिचं काय झालं असतं ह्याचा विचार केला आणि मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. कुणाला वेगळं वाटू शकतं, मी भांडणार नाही, फक्त वेळेत केलं असतं तर हा प्रश्नच आला नसता हे सांगते.

म्हणून आईच्या तारखेबरोबरच पिल्लांचीपण तारीख लिहा. मादी पिल्लं चार महिन्यांची झाली की डॉक्टरांशी बोलायचं आणि पाच महिन्यांच्या आत करून टाकायचं. ‘एकदा तरी आई होऊ द्यावं’ हे मी लई जणांकडून ऐकलं, त्यानं मांजरीचा काही फायदा होत नाही. उलट सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर पुढं स्तनांच्या कॅन्सरचा धोका जवळपास 90 टक्क्यांनी कमी होतो, आणि मांजरीत अशा गाठी बहुतेक वेळा वाईटच निघतात.

नर पिल्लांचं पण बघा. पाच-सहा महिन्यांचा झाला की तो आई ओळखत नाही, बहीण ओळखत नाही. आमच्या गोट्याचं चिमीच्याच आठवड्यात केलं. नराचं केल्यावरही काही आठवडे आधीचं बीज शिल्लक राहू शकतं, तर महिना-दीड महिना त्याला माद्यांपासून लांबच ठेवा. आणि पैशाची ओढाताण असेल, एकाचंच करणं जमत असेल, तर आधी मादीचं. गल्लीतल्या नऊ बोक्यांचं केलं नि एक राहिला तरी पिल्लं होतात.

ऑपरेशनच्या दिवशी नि नंतर

उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा आणि तितकंच ठेवा. लहान पिल्लाला मोठ्या मांजरीएवढं उपाशी ठेवायचं नसतं, हे वेगळं विचारून घ्या. लसीकरण झालं नसेल तर तेही बोला, दवाखान्यातून पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलटीचा आजार घरी येऊ शकतो. न्यायला बास्केट नसेल तर भाजीच्या दोन प्लॅस्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून चारी बाजूंनी सुतळीनं घट्ट बांधल्या, आत जुना टॉवेल, आम्ही असंच नेलं. मांडीवर धरून रिक्षातून नेऊ नका, सात रस्ता चौकाच्या गर्दीत हॉर्न वाजला की ती हातात राहत नाही.

घरी आल्यावर पूर्ण शुद्ध येईपर्यंत खाणं नाही. उंचावर चढू देऊ नका. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कोन, 10 ते 14 दिवस, कितीही दया आली तरी काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी तरी थोडं खायला पाहिजे. हिरड्या पांढऱ्या पडल्या, अंग गार पडलं, पोट फुगलं, टाक्यातून सतत रक्त किंवा वास येणारं पाणी आलं, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि दुखत असेल म्हणून घरातली क्रोसिन किंवा कुठलीही पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळी मांजरीचा जीव घेते. जमीन पुसायला फिनेलपण त्या खोलीत नको, ते पंजावरून चाटण्यात जातं आणि मांजराला विषारी आहे.

कांडी घरी आली तर तिची स्वतःची पिल्लं तिच्यावर फिस्कारली. मोठंच्या मोठं अंग फुगवून कोपऱ्यात. ती दारातच उभी, गळ्यात तो कोन, पुढं येईना. मी घाबरले, वाटलं तोडलं मी ह्यांचं. दवाखान्याचा वास होता तो. ती व्याली होती त्या पोत्यातलं जुनं मऊ सूत मुठीत घेऊन मी आधी पिल्लांच्या अंगावरून फिरवलं, मग तिच्या पाठीवरून, मानेवरून, परत पिल्लांच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एकजण तिच्या शेपटीजवळ येऊन झोपलं, मग तिघंही.

हे उपाय करू नका

मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळी आणून देणं. आपल्याकडं हे सर्रास चालतं, स्वस्त पडतं म्हणून. त्या हार्मोननं पिशवीत पू होऊ शकतो, स्तन सुजून लोंबायला लागतात, डायबेटीससुद्धा होतो. ओळखीच्या एका घरातल्या मांजरीला महिनोन्महिने अशी गोळी चालू होती, मग ती सारखी पाणी पिणार, खाणार नाही, मागून घाण पाणी जायला लागलं, आणि तिचं शेवटी धावपळीत तेच ऑपरेशन करावं लागलं, ते पण जीव धोक्यात असताना. ऑपरेशन न झालेल्या मादीला अशी लक्षणं दिसली तर गोळी दिलेली असो नसो, लगेच न्या.

माज शांत व्हावा म्हणून पाणी ओतणं, अंधाऱ्या पेटीत कोंडणं, हेही बघितलंय. त्यानं फक्त ती घाबरते.

आणि ऑपरेशननंतर काही महिन्यांनी परत लोळणं-ओरडणं सुरू झालं तर ‘सवय आहे’ म्हणून सोडू नका, क्वचित अंडाशयाचा बारीक तुकडा आत राहतो, ओरडत असतानाच डॉक्टरांना दाखवा म्हणजे त्यांना कळायला सोपं जातं.

आता कांडी पोट सपाट, अंग भरलेलं, परत खाली मशीनच्या मागं झोपते. दुसऱ्या वेतातली दोन पिल्लं चांगल्या घरी गेली, तिसरी, भुरी, अजून आमच्याकडं आहे, 20 सप्टेंबरला तिचे चार महिने भरतात, तो चौकोन मी लाल पेनानं भरून ठेवलाय. मागच्या गल्लीतल्या आक्कांची मांजर ह्या वेळी पिल्लांसकट आमच्याच वरच्या खोलीत आहे, पाच आठवडे झालेत, कुशीतून करणाऱ्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळालीय. बुधवारी रात्री पाणी यायचंय, कडी मी स्वतः बघणार आहे.